तलावाचा ईसीजी पहाटे काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवतपा संपता संपता आमच्या वस्तीमागच्या तलावात मासे मेले, त्याची बातमी आपल्या दैनिकाच्या नागपूर पानावर आली होती. फोटो मोठा होता, मजकूर जेमतेम नऊ ओळींचा. 'वाढत्या उष्णतेमुळे मासे दगावले. पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण समाधानकारक असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले.' या मजकुरात दोन विधानं आहेत आणि दोन्ही मला खटकली, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच. फक्त पहाटेचा भाग कापू नका.

मी मासेतज्ज्ञ नाही. एका रुग्णालयाच्या ईसीजी खोलीत एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. छातीला रबरी फुगे लावायचे, हातापायांना चिमटे, आणि मशीनमधून सरकत येणारी गुलाबी चौकटींची पट्टी फाडून डॉक्टरांपुढे ठेवायची, हे माझं काम. वस्तीतली पोट्टी मला अजून 'ईसीजीवाल्या आजी' म्हणतात. हृदय म्हटलं की माझं लक्ष जातं, मग ते माणसाचं असो की माशाचं.

त्या दिवशी मी नेहमीसारखी पाचच्या सुमाराला फिरायला निघाले. आदले दोन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला, रात्री कूलरसमोर बसूनही अंगाची चिकचिक. घाटाच्या पायऱ्यांशी पांढरं पांढरं काही दिसलं. आधी वाटलं थर्माकोल आहे, कोणाच्या तरी लग्नातलं. जवळ गेले तर कतला. तीन-तीन, चार-चार किलोच्या, पोट वर करून पडलेल्या. तोंडं सताड उघडी, कल्ल्यांवरची झाकणं वर उचललेली. जे जिवंत होते ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याशी तोंड लावून चुबूक चुबूक करत होते. खोल पाण्यात एकही मासा नसावा, सगळा तलाव जणू छताला चिकटला होता.

काठावर मात्र जत्रा. पोट्टे ओढण्या, मच्छरदाण्या, प्लास्टिकचे टब घेऊन पाण्यात उतरलेले. आयते मासे मिळून राहिले म्हटल्यावर कोण सोडतं? पकडलेला मासा टबात उसळ्या मारायचा, दोन-तीन उसळ्या, आणि मग एकदम गप्प. त्या गप्प होण्याकडे मी बराच वेळ पाहत होते. त्याचं कारण पुढे सांगते.

तलावात मासे सोडणाऱ्या मच्छीमार संस्थेतले एक काका तिथेच डोक्याला हात लावून बसले होते. पाण्यातलं त्यांचं सगळं वर्ष उलटं होऊन तरंगत होतं. मी म्हटलं, काका, ऊन फार झालं का हो यंदा? ते म्हणाले, "ऊन कायचं बाप्पा! मासा उन्हानं नाई मरत, बाई. रातच्याला पाण्यात दम नाई राहत, तवा मरते. ते पाहा, मरळ एकबी मेली नाई."

मी पाहिलं. खरंच, मेलेल्यांत मरळ नव्हती, मांगूर नव्हता. होते ते कतला, रोहू, थोडे मृगळ, आणि त्यातही मोठे जास्त. काकांचं ते एक वाक्य त्या दिवशीच्या सगळ्या पंचनाम्यापेक्षा भारी होतं. पाण्यात विष पडलं असतं तर मरळीलाही सोडलं नसतं. मरळ आणि मांगूर पाण्यातला ऑक्सिजन संपला तर वर येऊन हवेचा घोट घेतात, त्यांच्या शरीरात तशी सोय आहे. कतला-रोहूला ती नाही, त्यांना जे मिळतं ते पाण्यातूनच. मोठे आधी गेले, हवा पिणारे वाचले, आणि हे सगळं सूर्य उगवायच्या आत घडलं. म्हणजे मासे रात्री श्वास कोंडून मेले. काकांना हे सांगायला कोणतं मीटर लागलं नाही.

साहेब लोक आले साडेअकराला. ऊन चढलेलं, वारा सुटलेला, पाणी हिरवंगार चमकत होतं. घाटावरूनच बाटली बुडवली, मीटरची कांडी सोडली, आकडा चांगला आला. आकडा खोटा नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. त्या वेळी तलावात ऑक्सिजन होताच. नाल्याच्या खतावर पोसलेलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, भर दुपारी हिरव्या पाण्यात तो जरुरीपेक्षा जास्तही भरतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तेच मासे, तळाचा तोच कुजका गाळ, सगळे मिळून तो ओढायला लागतात. सोडणारं कोणी नाही, घेणारे सगळे. पातळी उतरत उतरत सूर्योदयाच्या आधी तळाला जाते. आदल्या दिवशी आभाळ असेल तर दिवसाची कमाईही कमी, आणि वारा नसेल तर वरून काही मिसळत नाही. त्या दोन दिवसांत हे सगळं एकत्र आलं होतं.

इथे मला एक पानठेलेवाला आठवतो. तीन-चार महिन्यांत तीनदा माझ्या खोलीत आला. तक्रार एकच, रात्री डोळ्यांपुढे अंधारी येते, बायको म्हणते माणूस थंड पडल्यासारखा होते. ओपीडी सकाळची, त्यामुळे त्याचा ईसीजी दर वेळी अकराच्या आसपास निघायचा. पट्टी इतकी स्वच्छ की शिकाऊ मुलींना नमुना म्हणून दाखवावी. दोनदा गॅसच्या गोळ्या घेऊन घरी गेला. तिसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र, लावायला सांगितलं. कमरेला कॅसेटचा डबा, छातीला तारा, आणि चोवीस तास घरी जा, रोजची कामं कर. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट फिरवली तर पहाटे पावणेचारच्या सुमाराला रेघ सरळ. एक सेकंद, दोन, तीन, चार. मग ठोका. असं एकदा नाही, चार-पाचदा. त्याला पेसमेकर बसला. माझ्या आधीच्या तीनही पट्ट्या खऱ्या होत्या, पण चुकीच्या वेळच्या होत्या.

नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकी माणसाने हे यंत्र पहिल्यांदा बनवलं तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागायचं आणि वजन होतं सुमारे ३८ किलो. एवढं धूड पाठीवर घ्यायचा खटाटोप कशासाठी? हृदय आजारी असतं त्या क्षणी डॉक्टर समोर नसतो म्हणून. साडेअकराच्या बाटलीवर 'समाधानकारक' लिहिणं म्हणजे त्या पानठेलेवाल्याला तिसऱ्यांदा गॅसची गोळी देणं आहे.

आता उष्णतेचं. 'पारा सत्तेचाळीसवर गेला, मासे मरणारच' असं एक गृहस्थ घाटावर म्हणाले. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत, आम्हाला पाऱ्याचं कौतुक नाही. पण तो पारा हवेचा. तलावाचं पाणी एवढं तापत नाही, आणि कतला-रोहू हे उष्ण देशाचेच मासे. उष्णता त्यांना थेट भाजून मारत नाही. ती हृदयाला दोन्ही बाजूंनी कैचीत धरते. हे समजायला माशाचं हृदय कसं चालतं ते बघावं लागतं. या उन्हाळ्यात मी तेच करत बसले होते. नात बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय. तिची पुस्तकं आणि माझा चष्मा.

भोईपुऱ्यात मासा कापून घेताना तुमच्यापैकी अनेकांनी हे हृदय पाहिलं असेल, ओळखलं नसेल. कल्ल्यांच्या मागे, घशाच्या खाली, बोराएवढा काळपट लाल गोळा आणि त्याला पुढे चिकटलेला पांढरा कांद्यासारखा फुगा. ताज्या माशाचं असेल तर बाहेर काढल्यावरही काही वेळ धडधडत राहतं. लहानपणी मला वाटायचं मासा अजून जिवंत आहे, आणि मी त्या दिवशी जेवायची नाही. आई वैतागायची.

आपल्या हृदयात चार कप्पे, माशाच्या हृदयात मुख्य दोन, एक अलिंद आणि एक निलय. तरीही माशाचा ईसीजी काढला तर पी, क्यूआरएस, टी या आपल्याच ओळखीच्या लाटा दिसतात. नातीच्या पुस्तकात ती आकृती पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. फरक आहे तो रक्ताच्या वाटेत. आपलं रक्त फुप्फुसातून ताजं होऊन आधी हृदयात येतं आणि मग अंगभर जातं. माशाचं हृदयातून निघालं की आधी कल्ल्यांत जातं, तिथे ऑक्सिजन घेतं आणि तिथूनच परस्पर अंगात. मेंदूने घेतलं, स्नायूंनी घेतलं, आतड्यांनी घेतलं, आणि उरलंसुरलं ते हृदयाकडे परत. हृदयाचा आतला मोठा भाग जाळीदार असतो, भिजलेल्या स्पंजासारखा, आणि त्या जाळीला आपला ऑक्सिजन या परत आलेल्या रक्तातूनच शोषावा लागतो. सॅल्मन, ट्यूना अशा वेगाने पोहणाऱ्या जातींत बाहेरच्या थराला स्वतंत्र रक्तवाहिन्या असतात, पण आतल्या जाळीचा भार बहुतेक या उष्ट्या रक्तावरच.

आमच्या पिढीच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सगळं घर जिच्या जोरावर चालतं तिने सगळ्यांच्या पंगती उठल्यावर पातेल्याच्या तळाला काय उरलंय ते पाहायचं. घरात धान्य असेल तेव्हा तिलाही पुरतं. चणचण आली की पहिली उपाशी तीच राहते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण काम चालूच असतं.

आता ऑक्सिजन कमी पडला तर हे हृदय काय करतं? माणसाचं मला माहीत आहे. बोटावरच्या यंत्राचा आकडा खाली येऊ लागला की नाडी धावायला लागते. माशाचं उलटं. पाण्यातला ऑक्सिजन घसरला की बहुतेक माशांचं हृदय मंदावतं. मला आधी वाटलं, संपत आलं असेल म्हणून. तसं नाही. कल्ल्यांमध्ये ऑक्सिजन ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून हृदयाला हुकूम पाठवतो, हळू चाल. प्रयोगात ॲट्रोपिन दिलं की हा हुकूम पोहोचत नाही आणि हृदय मंदावत नाही. ॲट्रोपिन म्हणजे आमच्या इमर्जन्सी ट्रेमधलं रोजचं इंजेक्शन, नाडी फार उतरली की तेच द्यायचो. म्हणजे मासा जाणूनबुजून ब्रेक लावतो.

ब्रेक का, तर ठोके कमी झाले की दोन ठोक्यांच्या मधे हृदय जास्त वेळ भरतं, जास्त ताणलं जातं, आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. ठोके कमी, पण एकूण रक्त बरंचसं तेवढंच. शिवाय ते उष्टं रक्त जाळीत जरा जास्त वेळ थांबतं, त्यातून हृदयाला आणखी चार कण मिळतात. पातेलं उलटं करून निथळत ठेवावं तसं. एकतीस वर्षं मी मंद नाडीला आजार म्हणून पाहिलं, आणि इथे तीच काटकसर होती!

ही युक्ती थंड पाण्यात छान चालते. आपले कतला-रोहू ज्या कार्प घराण्यातले, त्यातच युरोपातला क्रूशियन कार्प म्हणून एक मासा आहे. गोठलेल्या तळ्याखाली, ऑक्सिजन जवळपास शून्य, तरी तो महिनोनमहिने जगतो आणि त्याचं हृदय रक्त ढकलत राहतं. मासा नाजूक जात आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मे महिन्यातल्या नागपुरात मात्र हिशोब बिघडतो. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानाचंच. पाणी दहा अंशांनी तापलं तर हृदयाचे ठोके साधारण दुप्पट होतात, कारण ठोका सुरू करणाऱ्या पेशीच तापून जलद होतात. सगळ्या शरीराची भूकही तितकीच वाढते. आणि ऐन त्याच वेळी पाण्याची देण्याची ताकद घटते. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. (एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त असतो. आपण किती चैनीत आहोत!) हे साडेसात स्वच्छ पाण्याचे, मैल्याच्या नाल्याचे नव्हेत. मासे पाळणाऱ्यांना ५ च्या वर ठेवा म्हणून शिकवतात. म्हणजे व्हेगस सांगतो हळू, तापलेलं पाणी सांगतं पळ, स्नायू सांगतात आणखी पाठव, आणि परत येणारं रक्त जवळपास रिकामं. या ओढाताणीत पहाटे चार-साडेचारला ते हृदय एकटं काम करत असतं.

कॅनडातल्या फ्रेझर नदीतल्या सॉकआय सॅल्मनवर यासंबंधी फार बारकाईने काम झालंय. समुद्रातून नदीत शिरून अंडी घालायला शेकडो किलोमीटर वर पोहायचं, आणि नदी दर उन्हाळ्यात जास्त तापते आहे. पाणी तापतं तसे ठोके वाढत जातात, एका मर्यादेनंतर ते वाढू शकत नाहीत, आणि त्याहीपुढे ताल बिघडतो. मासा मरतो ते बहुतेक अजून स्नायू शिजलेले नसताना. हृदय पुरवठा करू शकत नाही म्हणून. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असंही दिसलं की एकाच नदीच्या वेगवेगळ्या उपनद्यांतल्या सॅल्मनची सहनशक्ती वेगवेगळी असते, ज्याच्या वाट्याला जशी वाट तसं त्याचं हृदय. आमच्या कतलाला कोणी वाट निवडायला दिली नव्हती. तिला बोटुकली असताना पिशवीतून आणून सोडलं.

आता त्या टबातल्या उसळ्या. दमलेला मासा जिवाच्या आकांताने झटतो तेव्हा स्नायूंतून आम्ल आणि पोटॅशियम रक्तात उतरतं, आणि ते रक्त थेट, पहिल्यांदा, हृदयाकडेच येतं. पोटॅशियम वाढलेलं रक्त हृदयाला काय करतं ते मला पुस्तकातून शिकायला नको. डायलिसिस चुकलेले रुग्ण आमच्याकडे यायचे, पट्टीवर टी-लाट तंबूच्या खांबासारखी उंच टोकदार, ती दिसली की मी चप्पल न घालता डॉक्टरांकडे धावायचे. निरोगी माशात अशा वेळी ॲड्रेनलिन हृदयाला थोडं सांभाळून घेतं. पण ऑक्सिजन नाही, पाणी तापलेलं, वरून आम्ल, वरून पोटॅशियम. दोन उसळ्या आणि गप्प. त्या सकाळी ज्यांना कोणी हात लावला नाही असे काही मासे नऊनंतर, पाण्यात ऊन उतरल्यावर, पुन्हा खाली गेलेले मी पाहिले. पोट्ट्यांना मी ओरडून ओरडून सांगत होते की त्यांना हलवू नका. कोण ऐकतं! एक जण म्हणाला, "आजी, मरूनच राहिले न ते."

एक गोष्ट बातमीत नव्हती, आणि कोणी विचारलीही नाही. आमच्या तलावात येणाऱ्या नाल्याच्या काठावर गाड्या धुवायची आणि दुरुस्तीची रांग आहे. पहिला वळीव आला की पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, त्यानंतर शास्त्रज्ञांनी ट्यूनाच्या हृदयाच्या पेशींवर कच्च्या तेलाचा परिणाम तपासला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. हृदयपेशीतून पोटॅशियम बाहेर जायची वाट तेल अडवतं आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतं. पेशीला पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, ताल चुकायची भीती. हे वाचून मी नातीला म्हटलं, अगं, ही तर क्यूटी लांबणं! (क्यूटी म्हणजे पट्टीवर ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचं अंतर.) काही औषधांनी माणसांच्या पट्टीवर नेमकं हेच होतं, त्यासाठी आम्हाला पट्टीवर लाल शाईने खूण करायला लावायचे. तेलातलं जे रसायन हे करतं, त्याला फेनॅन्थ्रीन म्हणतात, ते डिझेलच्या आणि कोळशाच्या धुरातही असतं. त्या दिवशीचे मासे तेलाने मेले असं मी म्हणत नाही, मरळीची साक्ष त्याविरुद्ध आहे. पण आधीच अडखळणाऱ्या हृदयावर आणखी काय काय लादायचं याला काही सुमार?

मी आणि नातीने नंतर एक साधा प्रयोग केला. तिने सरांना विचारून कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन द्रावणं आणली, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न जाऊ देता भरायची, दोन्ही द्रावणं सोडायची, हलवून ठेवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाला तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पहाटे पावणेपाचला भरलेल्या बाटलीत साका ताकासारखा पांढरट. त्याच पायरीवर, त्याच दिवशी, दुपारी बाराला भरलेल्या बाटलीत चहाच्या गाळासारखा तपकिरी. दोन बाटल्या शेजारी ठेवून मी घाटावरच्या पानठेल्यावर दिवसभर मांडून ठेवल्या. जाणारे-येणारे विचारायचे, आजी, हे काय होय? मी सांगायची, एकाच तलावाचं आहे, बारा वाजताचं आणि पाच वाजताचं. काका आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हाव, आता साहेबाले दिसन."

साहेबांना अजून दिसलेलं नाही. आमचा अर्ज आवक खिडकीत आहे.

त्यात लिहिलंय ते इथेही लिहिते. नमुना घ्यायचा तर पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान घ्या, आणि घाटावर घेतलात तसा खोल पाण्यातही घ्या. ऑक्सिजन सतत नोंदवणारी यंत्रं असतात, निदान अक्षय तृतीया ते मृग एवढे दिवस एक तलावात बसवा, म्हणजे चोवीस तासांचा आलेख मिळेल. याच शहरात नीरीसारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था आहे, मत्स्य विज्ञानाचं महाविद्यालय आहे, जाणकार शोधायला मुंबईला जायला नको. बातमी देणाऱ्या आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती, अधिकारी 'समाधानकारक' म्हणाले की 'किती वाजता?' एवढं विचारावं.

नाला बंद करणं हा मूळ उपचार आहे, तो मला टाळायचा नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर लावल्याने निमोनिया बरा होत नाही. पण निमोनिया बरा होईपर्यंत सिलिंडर काढतही नाहीत. आमच्या तलावात सुशोभीकरणात बसवलेली दोन कारंजी आहेत. संध्याकाळी सात ते नऊ चालतात, रंगीत दिव्यांसकट, लोक आइस्क्रीम खात बघतात. सात ते नऊ तलावाला त्यांची गरज नसते, दिवसभराची कमाई तेव्हा शिल्लक असते. तीच कारंजी रात्री दोन ते सहा चालवली तर अख्खा तलाव सुधारणार नाही, पण त्यांच्याभोवती माशांना तग धरण्यापुरती जागा होईल. दिवे नकोत, नुसतं पाणी उडू द्या.

मोटारीची पेटी घाटाच्या डाव्या हाताला पिंपळाखालच्या खांबावर आहे, किल्ली चौकीदाराकडे असते. मी त्याच्याशी बोलले. रात्री दोनला उठून बटण दाबायची त्याची तयारी आहे. म्हणाला, "मले काय जी, मी जागाच राहतो. फक्त लेखी पायजे."

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ,
दक्षिण नागपूर